तेजपालचा डबा

"आणि मॅडम, याला काय म्हणायचं?"

मगदूम अण्णांनी फ्रीजच्या तळच्या कप्प्यात हात घातला, इन्सुलिनची खोकी बाजूला सारली आणि मागून एक स्टीलचा डबा बाहेर काढला. शाळेत पोरं नेतात तसला, चपटा. झाकणावर चिकटपट्टी लावून वर पेनानं लिहिलं होतं, तेजपाल.

मी म्हटलं, "तुमचा जेवणाचा डबा औषधांच्या फ्रीजमध्ये ठेवत असाल, तर मला वर कळवावं लागेल."

अण्णा हसले नाहीत. त्यांनी झाकण काढलं. आत कापसाच्या घडीवर काचेच्या छोट्या कुप्या होत्या आणि कुप्यांत तळाशी पांढरी भुकटी.

"फॅक्टर आठ आहे हे," मी म्हटलं. "मग वरच्या कप्प्यात का नाही? तिथंही याच कुप्या आहेत की."

"वरच्या भांडाराच्या. ह्या तेजपालच्या."

"त्यानं विकत घेतल्यात?"

"न्हाई. पण त्याच्याच हायत."

मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. त्या लॅपटॉपात जगातल्या सगळ्या औषधांना जागा होती, पण ‘पण त्याच्याच हायत’ याला नव्हती.

मिरजेच्या त्या औषधभांडारात मी नावं ठेवायला आले होते, असं भांडार सांभाळणारे अण्णा सगळ्यांना सांगायचे, आणि चेष्टा सोडली तर ते खरंच होतं. एका ट्रस्टची अशी नऊ भांडारं सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर जिल्ह्यांत विखुरलेली होती. तिथून लहान दवाखान्यांना औषधं जायची. प्रत्येक भांडाराची तऱ्हा निराळी. कुणी औषध कंपनीच्या नावानं लावायचं, कुणी रोगाच्या, आणि एका ठिकाणी तर ते देणगी देणाऱ्याच्या नावानं लावलेलं होतं. त्यामुळे तिथं जुलाबाच्या गोळ्यांना एका दिवंगत साखरसम्राटाचं नाव होतं. एकीकडे मुदत संपून औषध फेकलं जायचं आणि पुढच्या तालुक्यात तेच औषध नाही म्हणून माणूस रिकाम्या हातानं परत जायचा. माझ्याआधी कुणीतरी हे सगळे संगणक एकमेकांना जोडून दिले होते. त्यानं काही साधलं नव्हतं. दोन बहिऱ्यांना समोरासमोर बसवल्यासारखं झालं होतं.

मी करत होते त्याला आमच्या धंद्यात ऑन्टॉलॉजी म्हणतात. शब्द भारी आहे, काम तसं साधं. कुठली वस्तू कशाचा प्रकार आहे, ती कशानं बिघडते, कशाच्या जागी चालते, या घडीला कुठं आहे आणि कुठल्या अवस्थेत आहे, हे सगळ्यांना मिळून एकदा ठरवायचं आणि संगणकाला समजेल असं मांडायचं. मग जतच्या माणसानं त्याच्या भाषेत विचारावं आणि मिरजेच्या भांडारानं आपल्या भाषेत उत्तर द्यावं. अण्णांना मी हे अर्धा तास समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे मालाची सोयरीक. कोण कुणाचं, कोण कुणाच्या जागी उभं राहतं." मी ते माझ्या अहवालात घातलं. माझ्या पुण्याच्या साहेबांनी ते खोडलं.

तेजपाल चौगुले मला त्याच दिवशी दुपारी भेटला. मागच्या गल्लीत त्याचं लाउडस्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. चोविशीतला, उंच, एका गुडघ्यात किंचित लंगडणारा. जन्मापासून त्याचं रक्त गोठत नसे. साधा मुका मार लागला तरी आतल्या आत रक्त वाहत राहायचं आणि फॅक्टर आठचं इंजेक्शन दिल्याशिवाय थांबायचं नाही. काही वर्षांपूर्वी तो असाच सुजलेला गुडघा घेऊन आला आणि अण्णांचा फ्रीज नेमका रिकामा होता. पुण्याहून औषध येईपर्यंत गुडघा कायमचा गेला. त्या दिवशी अण्णांनी त्याच्या आईला, सोनाक्कांना, शब्द दिला होता की, यापुढे एका वेळेचं औषध तेजपालच्या नावानं बाजूला राहील. नवा माल आला की डब्यातल्या कुप्या वर जायच्या आणि ताज्या डब्यात यायच्या. डबा कधी रिकामा राहिला नव्हता.

सोनाक्का त्या भागातल्या कामगारांना जेवणाचे डबे पोचवायच्या. नवरा नव्हता. त्यांचा सख्खा भाऊ याच रोगानं विशीत गेला होता. हा रोग आईकडून मुलाकडे येतो आणि आईला स्वतःला सहसा काही होत नाही. डॉक्टरांनी सोनाक्कांना हे नीट समजावून सांगितलं होतं. मला पुष्कळदा वाटतं, इतकं नीट समजावायला नको होतं.

तेजपालला माझ्या कामाचा नाद लागला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो येऊन माझ्या खुर्चीमागे उभा राहायचा.

"मॅडम, ह्या मशीनला विचारा, रक्त थांबवायला काय काय चालतं."

मी विचारायचे. पडद्यावर यादी यायची.

"आता विचारा, सगळ्यात जवळ कुठं हाय."

पडद्यावर मिरज यायचं.

"म्हंजे मी हितं मरायचो न्हाई," तो म्हणायचा, आणि अण्णा त्याच्या पाठीत फटका मारायला हात उचलायचे, मग आठवण होऊन हात खाली घ्यायचे. त्याला गमतीनंही कुणी मारत नसे.

डब्याचा प्रश्न सांगलीच्या बैठकीत निघाला. नऊही भांडारांची माणसं आली होती. वस्तूच्या अवस्था ठरवायच्या होत्या. मी फळ्यावर लिहिलं होतं: उपलब्ध, प्रवासात, बाद. अण्णांनी हात वर केला आणि विचारलं, "राखलेलं कुठं घालायचं?"

त्यांनी नुसता तेजपालचा डबा मनात धरून विचारलं होतं. पण झाकण निघालं ते निघालंच. विट्याचे गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे अध्यक्षांच्या मातोश्रींसाठी कायम एक खोकं बाजूला असतं. दुसरे म्हणाले, आम्ही आमदारांच्या पाहुण्यांसाठी ठेवतो. तिसऱ्या बाई म्हणाल्या, आम्ही कुणासाठी म्हणून नाही, पण निम्मं राखूनच ठेवतो, वेळ काय सांगून येते का? दहा मिनिटांत असं दिसलं की सगळ्या भांडारांतला बराचसा माल कुणा ना कुणासाठी राखलेला आहे आणि म्हणूनच तो कुणालाच दिसत नाही. आम्ही ज्या रोगावर औषध शोधत होतो, तो रोग हाच होता.

मी म्हटलं, "राखीव अशी अवस्था दिली, तर उद्या सगळंच राखीव होईल. मग हा सगळा खटाटोप कशाला?"

प्रत्येकाला दुसऱ्याचं राखलेलं मोकळं व्हायला हवं होतं. मग अण्णाच म्हणाले, "खरं हाय. नका घालू. माझा डबाबी उपलब्धमध्ये घाला."

ते म्हणाले म्हणून बाकीच्यांना म्हणावं लागलं. तो नियम बरोबर होता. आज कुणी मला विचारलं तर मी तोच नियम पुन्हा लिहीन, आणि लिहिताना मला रडू येईल. दोन्ही खरं आहे.

परतल्यावर अण्णांनी तेजपालला सांगितलं. तो पडद्यावर स्वतःचा डबा बघून हसला. "म्हंजे मी आता एस्टीची सीट झालो. रुमाल टाकून चालायचं न्हाई."

"डबा हितंच राहणार," अण्णा म्हणाले. "नाव तेवढं मोकळं झालंय. कुणी मागितलं तर तुला विचारल्याशिवाय हलणार न्हाई."

"अण्णा, तसं नसतं," मी म्हटलं.

"नियम तुमचा, मॅडम. शब्द माझा हाय. दोन्ही सांभाळू की."

मागणी आली ती भर दुपारी. अण्णा भाकरी खाऊन सुपारी कातरत होते. वरच्या कप्प्यातला फॅक्टर आठ त्या आठवड्यात संपला होता आणि पुण्याहून नवीन खोकं निघालं होतं. पडद्यावर जतच्या एका दवाखान्याची ओळ उमटली. त्यांनी औषध मागितलं होतं ते भलत्याच कंपनीच्या नावानं. ते नाव मिरजेत कुणी ऐकलेलंही नव्हतं. पूर्वीच्या दिवसांत अण्णांनी ‘असलं काही नाही आमच्याकडे’ म्हणून फोन ठेवला असता. आता संगणकानं आपण होऊन ओळखलं की हा फॅक्टर आठचाच एक प्रकार आहे, त्यांना हव्या त्या मात्रेला डब्यातल्या सगळ्या कुप्या मिळून पुरतील, आणि जवळात जवळ तेवढं औषध फक्त मिरजेत आहे. आमची मांडणी पहिल्यांदाच खऱ्या माणसासाठी चालली होती. मी खुर्चीतून उठलेच. मला इतका आनंद झाला होता की काय मागितलंय आणि कुणाचं, हे ध्यानात यायला एक क्षण लागला.

अण्णांनी जतला फोन लावला. चार वर्षांचं पोर होतं. ओट्यावरून पडलं होतं, जीभ दातांखाली आली होती, आणि सकाळपासून तोंडातलं रक्त थांबत नव्हतं. तिथं येईपर्यंत कुणाला ठाऊकही नव्हतं की पोराला हा आजार आहे.

अण्णांनी डबा फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवला आणि हात मागे बांधून उभे राहिले.

"अण्णा, गाडी बोलवायची ना?"

"थांबा. त्याला बोलवतो."

"वेळ जाईल."

"गल्लीत तर हाय. गाडी येईस्तवर तो येतोय."

तेजपाल आला तेव्हा त्याच्या हाताला सोल्डरिंगचा वास येत होता. अण्णांनी त्याला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही गोड करून सांगितलं नाही. शेवटी म्हणाले, "तू न्हाई म्हणालास तर मी त्यांना न्हाई सांगीन. आणि मॅडम कुणाला काय बोलायच्या न्हाईत."

मी खरंच काही बोलले नसते.

तेजपालनं विचारलं, "केवढं हाय म्हणाला पोर?"

"चार वर्षांचं."

"मला ह्याच वयात पहिल्यांदा कळलं हुतं. खाटेवरनं पडलो हुतो." तो पडद्याकडे वळला. "नवा माल कुठवर आलाय, मॅडम?"

मी वाचून दाखवलं. प्रवासात. उद्या सकाळी मिरज.

"मग द्या की. एका रात्रीचा तर प्रश्न हाय. मी आज स्टुलावर बी चढत न्हाई."

बर्फाच्या पिशव्या त्यानंच डब्याभोवती लावल्या. कुप्यांना धक्का लागू नये म्हणून दुकानातून स्पंजचा तुकडा आणला. गाडीवाल्याला दोनदा सांगितलं की खड्ड्यात हळू घे, काच हाय. गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर तो अण्णांना म्हणाला, "आईला ह्यातलं काय सांगू नका. रात्रभर जागी बसंल."

"न्हाई सांगत."

"शप्पत?"

"अरे, दिला शब्द."

संध्याकाळी जतहून ओळ आली. औषध पोचलं. रक्त थांबलं. पोर दूध प्यायलं. सांगलीच्या ऑफिसातून मला फोन आला, अभिनंदन झालं, कुणीतरी भडंग मागवलं म्हणे. अण्णांनी मला घरी जेवायला नेलं. त्यांच्या बायकोनं, कमळाकाकूंनी, सांजा केला होता. आम्ही तिघं त्या न पाहिलेल्या पोराबद्दलच बोलत होतो. तितकं समाधानाचं जेवण मी पुन्हा फारसं जेवले नाही.

सकाळी पुण्याचं खोकं आलं. वेळेवर आलं. अण्णांनी ते उघडलं, आतलं तापमानाचं कार्ड काढलं आणि खिडकीशी नेऊन बघितलं. कार्ड लाल झालं होतं. वाटेत कुठंतरी गाडीची थंडी बंद पडली होती आणि माल तापला होता. तापलेलं फॅक्टर आठ दिसायला जसंच्या तसं असतं, त्याचा भरवसा तेवढा जातो. अण्णांनी खोकं कपाटावर ठेवलं आणि मला म्हणाले, "बाद घाला." मी बाद घातलं. लगेच दुसरी मागणी केली. फॅक्टर आठ त्या वेळी पुणं सोडलं तर आमच्या फक्त सोलापूरच्या भांडारात होतं.

"एक दिवस आणखी," मी म्हटलं. "काळजी नको."

अण्णा तेजपालला सांगायला त्याच्या दुकानाकडे गेले. दुकान बंद होतं. शेजारचा म्हणाला, आज आलाच नाही.

तो घरी होता. उठल्या उठल्या माळ्यावर चढून तिथली तार काढायला वाकला होता आणि वर होताना डोकं तुळईवर आपटलं होतं. फार जोरात नाही. त्यानं कुणाला सांगितलं नाही. डबा जतला गेलाय हे त्याला माहीत होतं, आणि नवा माल दुपारपर्यंत मिळेलच असा त्याचा हिशेब होता. आईला म्हणाला, डोकं जड झालंय, पडतो जरा. सोनाक्का डबे पोचवून परत आल्या तेव्हा तो उलट्या करत होता आणि त्याचे शब्द नीट उमटत नव्हते.

त्याला दवाखान्यात नेलं. मी सोलापूरला फोन लावला. तिथल्या माणसानं बोलणं पुरं व्हायच्या आत गाडी काढली. मधल्या वेळात संगणकानं सांगितलं तेच डॉक्टरांनीही केलं. रक्तपेढीतून रक्ताचा जो भाग याच्या जागी चालतो, तो आणून दिला. चालतो म्हणजे थोडाफार चालतो. डोक्याच्या आतलं रक्त थांबायला तो पुरला नाही. सोलापूरची गाडी आली, इंजेक्शनही दिलं. दिवे लागायच्या सुमारास तेजपाल गेला.

मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. अण्णा रडले नाहीत. ते भांडारात गेले, फ्रीज उघडला, आणि उघड्या फ्रीजसमोर इतका वेळ उभे राहिले की मला जाऊन दार लावावं लागलं.

सोनाक्का भांडारात आल्या त्या रक्षाविसर्जनानंतर. बुटक्या, घट्ट अंगाच्या, कपाळ मोकळं. दारातच उभ्या राहिल्या. अण्णांनी खुर्ची पुढे केली. सोनाक्कांनी खुर्चीकडे पाहिलंही नाही.

"माझ्या पोराचा डबा कुठं हुता, अण्णा?"

"जतला गेला हुता, अक्का. एका लहान पोरासाठी."

"कुणी दिला?"

"मी दिला."

"तुमचा शब्द हुता."

"हुता."

"त्याला विचारलासा?"

मी टेबलापाशी उभी होते. मला वाटलं आता अण्णा सांगतील. त्यानं कसा स्पंज आणला, कसं गाडीवाल्याला बजावलं, सगळं. माझ्या जिभेवरच आलं होतं ते.

अण्णा म्हणाले, "न्हाई. विचारलं न्हाई. मला वाटलं, एका दिवसाचा प्रश्न हाय. मीच काढून दिला."

"अण्णा," मी म्हटलं.

"केतकी, फ्रीजचं तापमान बघून या." ते मला पहिल्यांदाच मॅडम न म्हणता नावानं हाक मारत होते. मी गेले. दोन पावलांवरचा तो फ्रीज. मला सगळं ऐकू येत होतं.

सोनाक्का ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "तुमच्या घरात दोन पोरं हायती. मी तळतळाट द्यायची न्हाई. पण जित्तेपणी तुमचं तोंड बघणार न्हाई. तुम्ही माझं पोर दुसऱ्याच्या पदरात घातलासा, आणि मला विचारलं बी न्हाई."

त्या गेल्यावर मी अण्णांवर चिडले. चांगलीच चिडले. म्हटलं, तुम्ही खोटं का बोललात? त्या मुलानं जे केलं ते त्याच्या आईला कळायला नको? तिला अभिमान वाटला असता.

"अभिमान," अण्णा म्हणाले. "ती माउली आत्ताच आपल्या पोटातनं रोग दिला म्हणून जळालीय. त्यात तिला सांगू, की तुझ्या पोरानं आपल्या हातानं औषध दिलं, तुला एकटं पाडून? पोरावर रागवायची सोय तरी हाय का तिला? आणि मी त्याला शब्द दिलाय. एक शब्द मोडला. दुसरा न्हाई मोडायचा."

माझं मिरजेतलं काम संपलं आणि मी पुण्याला परत आले. आमची मांडणी वाढत गेली. पुढे कितीतरी भांडारं तिच्यात आली. तिच्यामुळे किती माणसांना वेळेवर औषध मिळालं ते सांगणारे तक्ते मी सभांमधून दाखवत असे, आणि तक्ते खरे होते. अण्णांशी माझं नातं मात्र राहिलं. वर्षा-दोन वर्षांनी मी मिरजेला जात असे. ते निवृत्त झाले होते. घरासमोरच्या कट्ट्यावर बसायचे.

एकदा मी त्यांच्याशेजारी बसले असताना सोनाक्का डब्यांच्या पिशव्या घेऊन रस्त्यानं आल्या. कट्ट्यापाशी आल्यावर त्यांनी ठरवून मान दुसरीकडे वळवली, पुढे गेल्या, आणि मान सरळ केली. मला कसंसंच झालं.

"अजून?" मी विचारलं.

"रोज," अण्णा म्हणाले. "त्यांना मागची गल्ली जवळ पडती. तरी ह्याच रस्त्यानं येतात."

आतून कमळाकाकू म्हणाल्या, "आणि हे बी रोज त्याच वेळेला कट्ट्यावर. परवा अंगात ताप हुता, डॉक्टरनी पडून राहा म्हणून सांगितलं हुतं. तरी घोंगडी पांघरून बसले. मी म्हटलं, ती बाई तोंड फिरवून जाती, ते बघायला बसताय व्हय?"

अण्णा पान जुळवत राहिले.

अण्णा गेल्याचा फोन कमळाकाकूंनी केला. मी पोचले तेव्हा रक्षाविसर्जन उरकलं होतं. घरात माणसं बसली होती, बाहेर चपला पडल्या होत्या. मी काकूंजवळ जाऊन बसले. थोड्या वेळानं दारातली कुजबुज थांबली आणि मी वर पाहिलं. सोनाक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते. त्या आत आल्या, काकूंसमोर जमिनीवर बसल्या आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. दोघी बायका रडल्या. मग माणसं एकेक करून उठली, आणि मागे आम्ही तिघीच राहिलो.

मला राहवलं नाही. अण्णा नव्हते, तेजपाल नव्हता. आता शब्द तरी कुणासाठी राखायचा? मी म्हटलं, "अक्का, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. अण्णांनी त्या दिवशी तेजपालला विचारलं होतं. मी तिथं होते. त्यानं स्वतः—"

"ठाऊक हाय," सोनाक्का म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"त्याच रात्री जेवताना सांगितलं की त्यानं. त्याच्या पोटात काय राहतंय व्हय? म्हणाला, आई, आज एका पोराला माझा डबा दिला, तू वरडू नगंस. मी वरडले. ताटावरनं उठवलं त्याला. तो हसत हुता." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "दुसऱ्या दिवशी मार लागला ते म्हणूनच सांगितलं न्हाई त्यानं मला. वरडंल म्हणून."

"मग तुम्ही अण्णांना का विचारलंत?"

"तेनी काय सांगतात बघायला. तेनी खरं सांगितलं असतं, तर मी त्याच पावली विहिरीला गेले असते. रोग मी दिलेला, ताटावरनं मी उठवलेला. राग धरायला दुसरं कोण हुतं मला? अण्णा म्हणाले, मी दिला. मला न विचारता सगळं अंगावर घेतलं. मग मी धरला तेंच्यावर. रोज धरला. त्या रस्त्यानं गेले, तोंड फिरवलं, की दिवस निघायचा."

कमळाकाकू त्यांच्याकडे बघत होत्या. "त्यांना ठाऊक हुतं का, तुम्हाला ठाऊक हाय ते?"

"काय की. कधी बोललोच न्हाई." सोनाक्का रिकाम्या दाराकडे बघत म्हणाल्या, "आज बी मी आले हुते सकाळी. कट्टा मोकळा दिसला. आता सांगा काकू, उद्यापास्नं मी कुणावर रागवायचं?"